पन्हाळ्याच्या कातळाचे वय : द्रव्यमान वर्णपटमापक आणि दक्षिण ट्रॅपचा कालनिर्णय

पन्हाळगडाचा इतिहास शिलाहार राजा दुसरा भोज याच्यापासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून, बऱ्याच निश्चितपणे सांगता येतो. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला घातलेला वेढा तर महिन्यांच्या हिशेबाने मांडता येतो. ताम्रपट, शिलालेख, बखरी, पत्रव्यवहार ही इतिहासकाराची साधने तेथे हाताशी आहेत. परंतु ज्या काळ्या कातळावर हा गड उभा आहे आणि ज्या जातीच्या दगडातून करवीरनिवासिनी महालक्ष्मीचे मंदिर घडविले आहे, त्या कातळाचे वय सांगणारा कोणताही कागद नाही. कातळाने आपली नोंद ठेवली आहे ती स्वतःच्या अणूंच्या संख्येत. ती नोंद वाचणारे साधन म्हणजे द्रव्यमान वर्णपटमापक होय. प्रयोगशाळांत ते मास स्पेक्ट्रोमीटर या नावाने ओळखले जाते.

दक्षिण ट्रॅपच्या वयाविषयीची मते गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. प्रत्येक बदलामागे अणू तोलण्याच्या कलेतील एखादी सुधारणा किंवा पूर्वीच्या तोलण्यातील एखादी चूक उघडकीस येणे हे कारण आढळते. म्हणून या वयाचा इतिहास हा मुख्यतः एका रासायनिक मापनपद्धतीचा इतिहास आहे. कोणताही आकडा त्यामागील गृहीतांपेक्षा अधिक बळकट असू शकत नाही, हे त्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल.

१. उपकरणापूर्वीचा वाद

दख्खनच्या खडकांचे शास्त्रीय वर्णन आरंभी करणाऱ्यांत कर्नल विल्यम साइक्स यांचे नाव प्रामुख्याने येते. मुंबई सरकारच्या सेवेत असताना त्यांनी केलेली निरीक्षणे १८३० नंतरच्या दशकात लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे मांडली गेली. एकावर एक रचलेल्या लाव्हा प्रवाहांमुळे सह्याद्रीच्या कड्यांना जी पायऱ्यापायऱ्यांची आकृती येते, तीवरून या खडकास 'ट्रॅप' हे नाव मिळाले; मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असाच आहे. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण मराठा मुलखाचे सविस्तर वर्णन १८७६ साली प्रसिद्ध केले.

या खडकांचा विस्तार व जाडी यांविषयी फारसा मतभेद नव्हता. मतभेद होता तो वयाविषयी. थंड होणाऱ्या लाव्हात जीवाश्म टिकत नाहीत; म्हणून दोन प्रवाहांच्या मधल्या विश्रांतीच्या काळात तळ्यांत साचलेल्या गाळाकडे, म्हणजे आंतरट्रॅप थरांकडे, अभ्यासकांना वळावे लागले. नागपूरच्या परिसरात हिस्लॉप व हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अशा थरांतील शंखशिंपले व वनस्पतींचे अवशेष गोळा केले. या अवशेषांचा कौल तृतीय कल्पाच्या बाजूने पडतो, असे मत पुढे बळावले. बिरबल साहनी यांनी १९३० नंतरच्या दशकात ताड वर्गातील वृक्षांच्या जीवाश्मांच्या आधारे ट्रॅपचा आरंभ तृतीय कल्पातील मानावा, असे आग्रहाने प्रतिपादन केले. दुसऱ्या बाजूस, जबलपूरजवळ ट्रॅपच्या लगेच खाली असलेल्या लामेटा थरांत डायनोसॉरची हाडे सापडली होती. ती क्रिटेशस काळाकडे बोट दाखवीत होती. वरच्या पानावर एक साक्ष व खालच्या पानावर दुसरी, अशी ही स्थिती होती.

जीवाश्म क्रम सांगतात, वर्षे सांगत नाहीत. कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा एवढेच त्यांवरून ठरते. रासायनिक पृथक्करणही येथे उपयोगी पडले नाही. एच. एस. वॉशिंग्टन यांनी १९२२ साली दख्खनच्या बेसाल्टची पृथक्करणे प्रसिद्ध केली. त्यांतून या खडकांच्या घटनेतील विलक्षण सारखेपणाच काय तो स्पष्ट झाला. नेहमीच्या पृथक्करणात पोटॅशियम म्हणजे पोटॅशियम, त्याच्या अणूंत भेद नाही. वयाचे रहस्य मात्र त्या भेदातच दडलेले होते.

२. अणू तोलण्याची युक्ती

एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू सारख्याच वजनाचे असतात, ही डॉल्टनपासून चालत आलेली समजूत होती. क्लोरीनचा अणुभार ३५.४६ असा अपूर्णांकात का यावा, हे कोडे तिच्यामुळे सुटत नव्हते. जे. जे. टॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास निऑनच्या विद्युद्भारित कणांचा झोत विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून नेला असता छायाचित्रपट्टीवर एकाऐवजी दोन वक्र उमटले. एक द्रव्यमान २० चा व दुसरा, फिका, २२ चा. महायुद्धानंतर १९१९ साली त्यांचे सहकारी फ्रान्सिस ॲस्टन यांनी याच तत्त्वावर अधिक काटेकोर उपकरण रचले आणि निऑनचे दोन समस्थानिक निःसंशय सिद्ध केले. क्लोरीन हे ३५ व ३७ द्रव्यमानांच्या अणूंचे मिश्रण असल्याचेही त्यांनी दाखविले. १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्याबद्दल मिळाले. शिकागो येथे आर्थर डेम्पस्टर यांनी १९१८ सालीच चुंबकीय क्षेत्रात झोत एकत्र आणणारी निराळी रचना केली होती. पुढील अनेक उपकरणे तिच्याच वंशातली होत.

उपकरणाचे कार्य चार टप्प्यांत सांगता येते. प्रथम, नमुन्याचा वायू अतिशय निर्वात केलेल्या पोकळीत सोडतात. निर्वात अशासाठी की कणांची हवेच्या रेणूंशी टक्कर होऊन त्यांचा मार्ग बिघडू नये. दुसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनांचा मारा करून वायूच्या अणूंतून एक इलेक्ट्रॉन उडवितात. अणू धनभारित होतो, म्हणजे त्याचा आयन बनतो. तिसऱ्या टप्प्यात काही हजार व्होल्टचा दाब देऊन सर्व आयनांना सारखीच ऊर्जा देतात व चुंबकीय क्षेत्रातून नेतात. तेथे त्यांचे मार्ग वर्तुळाकार होतात. चौथ्या टप्प्यात, वळून आलेले आयन संग्राहकावर पडून जो सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण करतात तो मोजतात. प्रवाह जितका मोठा, तितकी त्या द्रव्यमानाच्या अणूंची संख्या मोठी.

खळ्यावर उफणणी चालली असता वारा भुसा दूर नेतो व दाणा पायाशी पडतो. द्रव्यमान वर्णपटमापकात चुंबकीय क्षेत्र हे वाऱ्याचे काम करते. हलका आयन अधिक वळतो, जड आयन कमी. फरक इतकाच की येथील निवड नियमबद्ध व मोजता येण्याजोगी असते. सारख्या ऊर्जेच्या व सारख्या भाराच्या आयनांच्या बाबतीत वर्तुळाची त्रिज्या द्रव्यमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. आर्गॉन-४० च्या मार्गाची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल, तर त्याच क्षेत्रात आर्गॉन-३६ ची त्रिज्या सुमारे १४.२ सेंटिमीटर भरते. हे पाऊण सेंटिमीटरचे अंतर दोन समस्थानिकांना वेगळे पकडण्यास पुरेसे होते.

मिनेसोटा येथील आल्फ्रेड नियर यांनी १९४० साली ६० अंशांच्या चुंबकखंडाची सुटसुटीत रचना केली आणि हे उपकरण मोजक्या पदार्थवैज्ञानिकांच्या हातून रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत आले. खनिज तेलातील हायड्रोकार्बनांची मिश्रणे ओळखणे, सेंद्रिय रेणू इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली कसा फुटतो हे पाहून त्याची रचना ठरविणे, विक्रियेत एखादा अणू कोठून कोठे गेला याचा माग काढणे, असे त्याचे उपयोग झपाट्याने वाढले. खडकांच्या वयाची मोजणी ही याच वृक्षाची एक शाखा होय.

३. पोटॅशियमपासून आर्गॉन

निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादाच पोटॅशियम-४० चा असतो. हा दुर्मिळ समस्थानिक नियर यांनी १९३५ साली शोधला. तो किरणोत्सर्गी असून त्याचे अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्याच्या दर शंभर अणूंपैकी सुमारे एकोणनव्वद कॅल्शियम-४० मध्ये व उरलेले आर्गॉन-४० मध्ये रूपांतरित होतात. कॅल्शियम खडकात मुळातच विपुल असल्याने तेथे नवी भर ओळखू येत नाही. आर्गॉनची गोष्ट वेगळी. तो निष्क्रिय वायू आहे. वितळलेल्या लाव्हातून तो निसटून जातो, असे मानले जाते. लाव्हा गोठल्यावर तयार झालेला आर्गॉन मात्र स्फटिकांच्या जाळीत अडकून राहतो. हवेतील आर्गॉन-४० पोटॅशियमपासूनच आला असावा, असा तर्क फॉन वाइत्सेकर यांनी १९३७ साली केला होता. ऑल्ड्रिच व नियर यांनी १९४८ साली जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांत असा आर्गॉन प्रत्यक्ष दाखविला. घड्याळ सापडले होते. आता ते वाचावयाचे होते.

वाचन किती अवघड होते, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. पोटॅशियम ऑक्साइडचे प्रमाण ०.४ टक्के असलेल्या बेसाल्टचा एक ग्रॅम घेतला, तर ६.६ कोटी वर्षांत त्यात साठणारा आर्गॉन-४० प्रमाण तापमान व दाबास एका घन सेंटिमीटरच्या दशलक्षांशाहूनही थोडा कमी भरतो. उलट एक घन सेंटिमीटर साध्या हवेत याच्या सुमारे दहा हजारपट आर्गॉन असतो. म्हणजे उपकरणात हवेचा कण शिरला, किंवा दगडाच्या भेगांत हवा चिकटून राहिली, की कोट्यवधी वर्षांचा हिशेब बिघडला.

या अडचणीवर तोडगाही द्रव्यमान वर्णपटमापकानेच दिला. हवेतील आर्गॉनमध्ये ३६ द्रव्यमानाचाही समस्थानिक असतो. पोटॅशियमपासून तो बनत नाही. म्हणून नमुन्यात आर्गॉन-३६ जितका सापडेल त्यावरून हवेतून आलेला आर्गॉन-४० किती, हे काढून वजा करता येते. नियर यांच्या १९५० च्या मापनावर आधारलेले २९५.५ हे गुणोत्तर त्यासाठी दीर्घकाळ वापरले गेले. २००६ मध्ये ते २९८.५६ असे सुधारण्यात आले. मात्र वजाबाकीचा धोका दुर्लक्षिण्यासारखा नाही. नमुन्यातील नव्वद टक्के आर्गॉन हवेतला असेल, तर त्या नव्वदात अर्ध्या टक्क्याची चूक झाली असता उरलेल्या दहात साडेचार टक्क्यांची चूक होते. ६.६ कोटी वर्षांच्या वयात ही चूक सुमारे ३० लाख वर्षांची ठरते. दख्खनचा बेसाल्ट पोटॅशियमने दरिद्री आहे. त्यामुळे हा धोका येथे नेहमीच उभा असतो.

१९५६ साली बर्कली येथील जॉन रेनॉल्ड्स यांनी वायू पंपाने सतत ओढून न घेता बंद पोकळीतच मोजण्याची काचेच्या उपकरणाची रचना केली. त्यामुळे अत्यल्प वायूचेही मापन शक्य झाले आणि बेसाल्टसारख्या खडकाचे वय काढण्याचा मार्ग मोकळा झाला.

४. मुंबईतील आरंभ व विखुरलेले आकडे

दक्षिण ट्रॅपच्या पोटॅशियम-आर्गॉन कालमापनाचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. १९६४ साली नवी दिल्ली येथे आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक परिषदेचे बाविसावे अधिवेशन भरले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एन. आय. रामा यांनी त्यावेळी ट्रॅपच्या काही नमुन्यांची वये सादर केली. कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. त्याच टाटा संस्थेत सी. राधाकृष्णमूर्ती व पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचा पुराचुंबकत्वाचा अभ्यासही चालू होता. डॉइच यांच्यासह त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने दख्खनच्या प्रवाहांतील चुंबकत्वाच्या दिशांचा पाया घातला. घाटांतील खालचे प्रवाह उलट चुंबकत्वाचे व वरचे सुलट चुंबकत्वाचे आहेत, हे निरीक्षण पुढे फार मोलाचे ठरले.

१९७० साली वेलमन व मॅकेल्हिनी यांनी आपल्या मापनांवरून ट्रॅपचा उद्रेक सुमारे ६ ते ६.५ कोटी वर्षांपूर्वी, तुलनेने थोड्या काळात झाला असावा, असे म्हटले. परंतु पुढील मापनांत हा एकोपा राहिला नाही. ढोबळमानाने ३ कोटींपासून ८ कोटी वर्षांपर्यंतचे आकडे प्रसिद्ध होत गेले. त्यांवर विश्वास ठेवावयाचा तर सह्याद्री पाच कोटी वर्षे धुमसत होता, असे मानावे लागले असते.

दोष खडकाचा नव्हता. घड्याळ बंदिस्त असल्याच्या गृहीताचा होता. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी मुरून झिओलाइटासारखी खनिजे वाढली आहेत. काचमय भाग बदलून गेला आहे. पन्हाळ्यालगतच्या मसाई पठारासारख्या माथ्यांवर तर बेसाल्ट कुजून जांभा झाला आहे. अशा खडकातून आर्गॉन झिरपतो व वय कमी येते. उलट लाव्हा गोठताना थोडा जुना आर्गॉन आत राहिला, तर वय जास्त येते. जुन्या पद्धतीत पोटॅशियम एका तुकड्यात ज्वाला-प्रकाशमापनाने व आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात मोजावा लागे. दोन्ही तुकडे एकरूप आहेत हेही गृहीतच होते. सर्वांत मोठी उणीव अशी की, मिळालेला एकच आकडा खरा की खोटा हे त्या आकड्यावरून समजत नसे.

५. एकाच तुकड्यात दोन्हींची मोजणी

१९६६ साली मेरीह्यू व टर्नर यांनी या उणिवेवर एक मार्मिक उपाय मांडला. नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवला असता पोटॅशियम-३९ च्या काही अणूंचा आर्गॉन-३९ होतो. हा समस्थानिक निसर्गात नगण्य असल्याने तो पोटॅशियमचा प्रतिनिधी म्हणून वापरता येतो. मग पोटॅशियम वेगळे मोजण्याची गरजच उरत नाही; आर्गॉनच्या ४०, ३९ व ३६ या समस्थानिकांची गुणोत्तरे एकाच वायूत, एकाच उपकरणात मिळतात. न्यूट्रॉनांचा मारा किती झाला हे ठरविण्यासाठी ज्ञात वयाचे प्रमाणक खनिज नमुन्यासोबत ठेवावे लागते.

याहून महत्त्वाचा लाभ म्हणजे टप्प्याटप्प्याने तापविण्याची सोय. कमी तापमानास सैल जागांतील वायू निघतो, जास्त तापमानास स्फटिकाच्या गाभ्यातील. प्रत्येक टप्प्याचे वय स्वतंत्र काढता येते. एकामागून एक टप्पे सारखेच वय देत असतील, तर आलेखात पठार दिसते व वय विश्वसनीय मानता येते. आरंभीचे टप्पे कमी वय देत असतील, तर गळती झाल्याचे उघड होते. खडकाला जणू एकच प्रश्न दहा वेळा विचारून त्याच्या उत्तरांची सुसंगती पाहावयाची, अशी ही पद्धत आहे.

१९८६ साली व्हँसाँ कूर्तियो व सहकाऱ्यांनी चुंबकत्व, जीवाश्म व कालमापन यांचा एकत्र विचार केला. बहुतेक प्रवाह एका उलट चुंबकीय कालखंडाच्या आसपास मावतात; म्हणून उद्रेक अल्पकाळात, क्रिटेशस व तृतीय कल्पाच्या सीमेवर झाला असावा, असे त्यांनी सुचविले. १९८८ साली डंकन व पाइल यांनी, तसेच कूर्तियो यांच्या गटाने आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने त्यास दुजोरा दिला. वेंकटेशन, पांडे व गोपालन यांनी मात्र १९९३ साली वेगळा सूर लावला. पश्चिम घाटातील खालचे प्रवाह सीमेच्या किमान दहा लाख वर्षे आधीचे असावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. २००१ साली शेठ, पांडे व भुतानी यांनी मुंबईतील काही खडकांची वये ६ कोटी ते ६.२ कोटी वर्षांच्या दरम्यान काढली. म्हणजे मुख्य उद्रेक आटोपल्यावरही किनाऱ्यालगत ज्वालामुखी पुरता शांत झाला नव्हता. कांचन पांडे यांच्या पुढाकाराने पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही या पद्धतीची प्रयोगशाळा उभी राहिली.

साहनी व लामेटाचे डायनोसॉर यांच्यातील जुना वाद येथे एका अर्थाने मिटला. काही प्रवाह सीमेच्या आधीचे, काही नंतरचे. दोन्ही साक्षी आपापल्या जागी खऱ्या होत्या. चूक होती ती सर्व ट्रॅपला एकच काळ देण्याच्या आग्रहात.

६. स्ट्रॉन्शियमची साक्ष व पन्हाळा शैलसमूह

दिसावयास सारख्या असलेल्या शेकडो प्रवाहांत क्रम कसा लावावा, हा प्रश्न वयाइतकाच जुना होता. तेथेही द्रव्यमान वर्णपटमापक उपयोगी पडला. रुबिडियम-८७ च्या क्षयातून स्ट्रॉन्शियम-८७ तयार होतो. भूखंडाच्या जुन्या कवचात त्याचे प्रमाण अधिक, खोल प्रावरणात कमी. वर येणाऱ्या शिलारसाने वाटेत कवचाचा अंश वितळवून घेतला असेल, तर स्ट्रॉन्शियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर वाढते. महोनी, गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली महाबळेश्वरच्या प्रवाहांतील स्ट्रॉन्शियम व निओडिमियमच्या समस्थानिकांवरून त्यांच्या उगमाचा विचार केला. आंबेनळी घाटाच्या प्रवाहांत हे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आढळते. त्याहून खालच्या काही प्रवाहांत ते ०.७१३ च्याही वर जाते. वॉशिंग्टन यांना जो सारखेपणा दिसला होता, त्याच्या आत असा भेद होता.

या गुणोत्तरांच्या व अल्पप्रमाण मूलद्रव्यांच्या आधारे घाटातील थरांचे शैलसमूह पाडण्यात आले. वरच्या भागाचा क्रम खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा व देसूर असा लावला जातो. हे थर दक्षिणेकडे अर्ध्या अंशाहूनही कमी उताराने कललेले आहेत. त्यामुळे उत्तरेस जे थर पुष्कळ उंचीवर आहेत किंवा झिजून नाहीसे झाले आहेत, तेच कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हाताशी येतात. पन्हाळ्याचे नाव जगाच्या भूवैज्ञानिक वाङ्मयात गेले ते या योगाने.

७. सीमा नेमकी कोठे ओढावयाची

१९८० साली आल्व्हारेझ पितापुत्र व त्यांचे सहकारी ॲसॅरो व मिशेल यांनी क्रिटेशसच्या शेवटच्या थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवून अशनीच्या आघाताची कल्पना मांडली. हे मापन न्यूट्रॉन-सक्रियण पद्धतीचे होते. १९९१ साली मेक्सिकोतील चिक्शुलुब विवर या आघाताचे स्थान म्हणून पुढे आले. तेव्हापासून डायनोसॉरांसह असंख्य जीवजातींच्या नाशास अशनी कारण की दख्खनचे ज्वालामुखी, हा वाद चालू आहे. कारण कार्याच्या आधी असले पाहिजे. म्हणून हा वाद शेवटी काही हजार वर्षांच्या क्रमाचा वाद ठरतो. ६.६ कोटी वर्षांत पन्नास हजार वर्षे ओळखणे म्हणजे हजारात एकाहूनही कमी चूक करणे होय.

अशी अचूकता झिर्कॉन या खनिजातील युरेनियम व शिसे यांच्या मोजणीतून मिळू शकते. युरेनियम-२३८ पासून शिसे-२०६ व युरेनियम-२३५ पासून शिसे-२०७ अशी दोन घड्याळे एकाच स्फटिकात चालतात. एकाने दुसऱ्याची तपासणी होते. बेसाल्टमध्ये झिर्कॉन सहसा नसतो. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोएन व सहकाऱ्यांनी तो प्रवाहांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांत, ज्वालामुखीच्या राखेच्या अवशेषांत शोधला. २०१५ साली त्यांनी मुख्य उद्रेकाचा आरंभ सीमेच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी झाला व तो सुमारे साडेसात लाख वर्षे चालला, असे प्रसिद्ध केले.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. शोएन यांच्या गटाने, ज्यात अमरावती विद्यापीठाचे एस. एफ. आर. खाद्री होते, झिर्कॉनच्या आधारे उद्रेकाचे चार मोठे आवेग दाखविले. त्यांपैकी एक आवेग अशनीच्या आघाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला होता. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने, ज्यात कांचन पांडे होते, आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने उद्रेक बराचसा अखंड चालल्याचे व लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सीमेनंतर बाहेर पडल्याचे मांडले. घाट तेच, थरांची नावे तीच, दोन्ही प्रयोगशाळा अव्वल दर्जाच्या. तरीही सीमेची रेषा कोणत्या प्रवाहावर ओढावयाची याविषयी एकमत झाले नाही.

या मतभेदाच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. आर्गॉनचे वय प्रमाणक खनिजाच्या वयावर अवलंबून असते. कोलोरॅडोतील फिश कॅन्यनच्या सॅनिडिनाचे वय १९९८ साली २.८०२ कोटी वर्षे मानले जाई. २००८ साली ते २.८२०१ कोटी ठरविण्यात आले. हा बदल दोन तृतीयांश टक्क्याहून किंचित कमी; पण त्यामुळे ६.५५ कोटींचे वय ६.५९ कोटी होते. सीमेचे वयही याच काळात ६.५ कोटींवरून ६.६ कोटींवर आले. २०१३ साली पॉल रेनी यांच्या गटाने ते ६.६०४३ कोटी वर्षे असे दिले. त्यातील अनिश्चितता केवळ मापनापुरती ११ हजार वर्षांची, परंतु क्षयांक व प्रमाणक यांची अनिश्चितता मिळविल्यास ४३ हजार वर्षांची आहे. म्हणून जुन्या निबंधातील ट्रॅपचे वय जसेच्या तसे घेऊन आजच्या सीमेशी ताडून पाहणे चुकीचे होय. असे केल्यास जो प्रवाह मूळ लेखकांनी सीमेच्या आधीचा ठरविला, तो नंतरचा भासू शकतो.

उपसंहार

महाबळेश्वर शैलसमूह सीमेनंतरचा आहे, याविषयी २०१९ च्या दोन्ही गटांत मतभेद नाही. पन्हाळा शैलसमूह त्याच्याही वर येतो. थरांच्या क्रमाचा साधा नियम लावला, तर पन्हाळ्याचा लाव्हा ओतला गेला तेव्हा डायनोसॉरांचे युग संपलेले होते, एवढे म्हणता येते. ज्या गोष्टीविषयी दोन प्रयोगशाळांत दुमत आहे, ती पन्हाळ्याच्या खालच्या प्रवाहांतली आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्यास कागदाचा काळ ठरविताना अक्षरवळण, शक व संवत् यांचा मेळ, लेखकाचा हेतू, नकलेतील चुका हे सारे तपासावे लागते. खडकाचे वय उद्धृत करणाऱ्यानेही तसेच करावयास हवे. पद्धत कोणती, प्रमाणक कोणते व त्याचे गृहीत वय किती, क्षयांक कोणता, हवेतील आर्गॉनचा वाटा किती, पठार आले की नाही, अनिश्चिततेत काय धरले व काय वगळले, हे सांगितल्याशिवाय दिलेला आकडा हा तारीख नसलेल्या पत्रासारखा होय. दक्षिण ट्रॅपच्या बाबतीत १९६४ पासून झालेली प्रगती अधिक आकडे मिळाल्याने झाली नाही. जुने आकडे का चुकले याचा शोध घेतल्याने झाली. अशनी व ज्वालामुखी यांच्यापैकी कोणाच्या पदरी किती दोष घालावयाचा, याचा निर्णयही त्याच मार्गाने व्हावयाचा आहे. दोन्ही घड्याळे एकाच प्रवाहावर एक बोलेपर्यंत तो निर्णय राखून ठेवणे हेच शास्त्रीय वृत्तीस धरून होईल.